डब्यातली आणि पाकिटातली नाणी

सासरे गेल्यावर माळा आवरताना एक बोर्नव्हिटाचा डबा निघाला. आत सगळी जुनी चिल्लर. जॉर्ज राजाचे ढब्बू पैसे, १९४३ चा भोकाचा पैसा, षट्कोनी तीन पैसे, कडेला नागमोडी असलेलं दहा पैशांचं, कमळाचं पिवळं वीस पैशांचं. मुलगा तेव्हा सहावीत होता. त्याने डबा ताब्यातच घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर तांब्याची सगळी नाणी लखलखत होती. सासूबाईंनी देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासली होती. पुढे नाण्यांच्या एका प्रदर्शनात ती दाखवली, तेव्हा विक्रेता म्हणाला, "घासलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही. वर चढलेला काळपट थर हीच त्याची ओळख." सासूबाई घरी येईपर्यंत गप्प होत्या. हे सांगायची वेळ माझ्यावर आली नाही याचं मला बरंच वाटलं. तेव्हा कोणी डबा उघडलाच, तर फार तर साध्या पाण्यातून काढा आणि टिपून कोरडं करा.

मग फोनचं प्रकरण झालं. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं असा व्हिडिओ पुतण्याने पाहिला आणि आमच्याकडच्या नाण्याचा फोटो कुठेतरी टाकला. तासाभरात फोन. गिऱ्हाईक तयार आहे, फक्त रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची फी आधी भरा. यांनी सरळ फोन ठेवला. अशा व्यवहारात आपण नसतो आणि कमिशनही मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलंय. पुतण्या मात्र दोन दिवस घुश्शात होता. लाख रुपये आमच्यामुळे गेले म्हणे.

या दोन प्रकारांनंतर डबा परत माळ्यावर गेला असता. तो राहिला टांकसाळींच्या खुणांमुळे. कुठलंही रुपयाचं नाणं घ्या आणि सालाखाली बघा. बारीकशी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकाता. मुलाने वहीत तक्ता आखला. आडवी सालं, उभ्या चार टांकसाळी. रोज संध्याकाळी सगळ्यांची पाकिटं जेवणाच्या टेबलावर रिकामी व्हायची. यात खर्च काहीच नाही. रुपयाचं नाणं रुपयालाच मिळतं, कंटाळा आला तर भाजीला चालतं.

खरी रंगत सासूबाईंनी आणली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा त्या शाळेत होत्या. आधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, नंतर शंभर नवे पैसे. म्हणजे चार आण्यांचे पंचवीस झाले, पण एका आण्याचे सव्वासहा. ते पाव पैसे द्यायचे कसे? दुकानदार एका आण्याला सहाच धरायचा, असं त्या अजून तावातावाने सांगतात. मुलाने अपूर्णांकांची एवढी गणितं शाळेच्या वहीत कधी स्वखुशीने केली नसतील.

पहिल्या पावसाळ्यात अल्बमचे मऊ प्लास्टिकचे कप्पे चिकट झाले आणि नाण्यांवर हिरवट बुरशीसारखं काही धरलं. प्लास्टिक नरम असलं की असं होतं, हे प्रदर्शनातल्याच त्या विक्रेत्याने सांगितलं. आता आम्ही खिडकीवाले पुठ्ठ्याचे चौकोन वापरतो. मध्ये नाणं ठेवायचं, घडी घालायची आणि कडेने स्टेपल मारायचं. पिना चिमट्याने सपाट करायच्या, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे येतात. चौकोन बसतात त्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकतो.

आता मुलगा कॉलेजात आहे, तक्ता सासूबाईंकडे आलाय. चष्मा लावून नाणी तपासून होईपर्यंत दूधवाल्याला दारात थांबावं लागतं. परवा त्यानेच विचारलं, "आजी, ठिपक्याचं आणू का?"