हिरेहब्बू

उद्या भोगी. सीनेच्या पुरात सप्टेंबरमध्ये तूर गेली, त्या जागी हरभरा आहे. घाटे धरतायत. ज्वारी उशिरा पेरली, आत्ता कुठं निसवतेय.

आज शेताशी थोडं सोडून लिहितो, म्हणजे फार सोडून नाही.

आमचं आडनाव पाटील. सोलापूर जिल्ह्यात दगड भिरकावला तर पाटलालाच लागंल! पण १ जानेवारी १९६३ पासनं वंशपरंपरेची पाटीलकी कायद्यानं गेली. सही करताना पाटील, काम काही नाही.

आणि सोलापुरात एक आडनाव आहे, हिरेहब्बू. लहानपणी मला वाटायचं, ह्यांच्याकडं हिरे-माणकं असणार. शेजारच्या बांधावरचे अण्णा कानडी. ते हसले. म्हणाले, "अरे, हिरे म्हंजे थोरला, हब्ब म्हंजे सण." नुसतं हब्बू आडनाव कारवारकडंही आहे, ते लोक वेगळे.

ह्या घराचं आडनाव अजून कामावर आहे. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेचे हे मुख्य मानकरी. सातही नंदीध्वजांची मिरवणूक बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासनं निघते. भोगीला ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामांच्या योगदंडाशी लागलं, त्याची ही आठवण. घरात कुणाचं काहीही असो, जानेवारीत त्यांना सुट्टी नाही.

आपल्या कामाचा दिवस तिसरा, होमाचा. रात्री भाकणूक होते. देशमुखांचं वासरू दिवसभर उपाशी ठेवतात, मग पुढं धान्य, गूळ वगैरे मांडतात. कशाला तोंड लावतं त्यावरनं भावाचा अंदाज. मुतलं तर पाऊस चांगला. आणि हे वाचून सांगतात हिरेहब्बूच.

माझा विश्वास आहे का? हवामान खात्याचा अंदाज मी मोबाईलवर रोज बघतो. तरी वडलांच्या मागं सायकलवर बसून जायचो, ते अजून सुटलं नाही. पूर्वी गर्दीत एकच मागणं असायचं, पाऊस पडू दे. यंदा ते तोंडातनं निघंना. सीनेनं काठाची माती नेली, ती माझ्या हयातीत भरून यायची नाही. पडू दे म्हणू का बेतानं पड म्हणू?

तेरवा संध्याकाळी निघतोय. गाडीत दोन जागा आहेत. कुणाला यायचं असंल तर फोन करा.