मधला हात

वस्तु जितकी मोलाची, तितका तिच्या मार्गांतील प्रत्येक हात पारखून घ्यावा, हें व्यवहारसूत्र आम्हीं छत्तीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकविलें. परंतु ज्या दिवशीं तें आमच्याच घरीं उपयोगास यावयाचें, त्या दिवशीं त्यांतलें अक्षरहि आम्हांस आठवलें नाहीं. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों. हेतु इतकाच कीं, आमच्या फजितीचा कोणास तरी उपयोग व्हावा.

आमचें तिसगांव नगर-पाथर्डी रस्त्यावरचें. मढीस कानिफनाथांच्या यात्रेला जाणारीं माणसें दरवर्षीं आमच्या दारावरून जातात. अशा गांवांत बसून आमच्या सूनबाई गेलीं चार वर्षें पैठण्या विकीत आहेत. दुकान नाहीं, पाटी नाहीं; एक भ्रमणध्वनि आणि माजघरांतली एक पेटी, एवढेंच भांडवल. येवल्याच्या विणकरांकडून पैठणी आणावयाची, तिचीं छायाचित्रें आंतरजालावर लावावयाचीं, आणि मागणी आली कीं कुरियरनें रवाना करावयाची. प्रथम आम्हीं नाक मुरडलें होतें; पण नातवाच्या शाळेची फी या पेटींतून जाऊं लागल्यावर आमचें नाक आपोआप सरळ झालें.

गेल्या वर्षीं श्रावणांत एका परदेशस्थ गृहस्थाचें पत्र आलें. त्यास दोन उंची पैठण्या हव्या होत्या. दोहोंची किंमत १,७०,००० रुपये. माल मात्र त्याच्या घरीं पाठवावयाचा नव्हता; मुंबईस विमानतळाजवळच्या एका गुदामाचा पत्ता दिला होता. तेथून त्याचा मालवाहक मध्यस्थ, ज्यास व्यापारी लोक फॉरवर्डर म्हणतात, तो पुढें पाठविणार होता. सूनबाईंनीं तें पत्र आमच्यापुढें ठेवलें. म्हणाल्या, “मामंजी, आपण एकदां वाचून पाहतां का? मला पत्ता जरा विचित्र वाटतो.”

आम्हीं वाचलें. इंग्रजी निर्दोष, विरामचिन्हें जागच्या जागीं, भाषा नम्र, भावांत घासाघीस नाहीं. आम्हीं निर्णय दिला, “माणूस सुशिक्षित दिसतो. पाठवावयास हरकत नाहीं.” जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्याचा हा परिणाम! ज्याचें व्याकरण शुद्ध त्याचें अंतःकरणहि शुद्ध, असें आम्हीं धरून चाललों.

पैसे कार्डानें आले, पैठण्या गेल्या, पोंचल्याची पावती मिळाली. दोन महिन्यांनीं मात्र ती सर्व रक्कम खात्यांतून परत वळती झाली. तें कार्ड भलत्याच माणसाचें होतें आणि त्यानें आपल्या बँकेकडे तक्रार केली होती. आम्ही मुंबईस गेलों. गुदामवाला म्हणाला, “बंद खोकें आलें, बंद खोकें पुढें गेलें, आंत काय होतें तें आम्ही पाहत नाहीं.” कुरियरवाला म्हणाला, “दिलेल्या पत्त्यावर पोंचविलें.” बँकेचें म्हणणें, “ज्याचें कार्ड, त्याच्या पत्त्यावर माल गेलेलाच नाहीं.” ज्याचा त्याचा शब्द खरा, नुकसान तेवढें आमचें. विणकराचे निम्मे पैसे देणें होतें. आमच्या कुटुंबानें कांहीं न बोलतां पाटल्या काढून दिल्या आणि त्या बँकेंत गहाण पडल्या. तें न बोलणेंच आम्हांस फार लागलें.

मग आम्हीं या विषयाचा अभ्यास केला. आपल्या देशांतल्या कार्डावर आंतरजालावरून खरेदी करतांना भ्रमणध्वनीवर परवलीचे आंकडे येतात. परदेशी कार्डास तें बंधन सर्वत्र नसतें. शिवाय कार्डवाल्यास तक्रार करण्यास सामान्यतः १२० दिवसांपर्यंत अवधि मिळतो. म्हणजे खात्यांत आलेला पैसा चार महिने आपला म्हणतां येत नाहीं. माल गुदामांतून पुढें गेला कीं त्याचा अंतिम पत्ता विक्रेत्यास ठाऊक नसतो, आणि पुष्कळ बाजारपेठांचें संरक्षण त्या गुदामाच्या दाराशींच संपतें. चोरास नेमकें हेंच हवें असतें.

याचा अर्थ प्रत्येक मध्यस्थ लबाड, असा नव्हे. आखातांतलीं व अमेरिकेंतलीं किती तरी मराठी कुटुंबें दिवाळीचा फराळ, पुस्तकें, लुगडीं एका गुदामांत गोळा करून एकाच खोक्यांत मागवितात. त्यानें भाडें वांचतें. सोय खरी आहे. मात्र सोय घेणाऱ्याची आणि जोखीम पाठविणाऱ्याची, अशी वांटणी झाली म्हणजे अनर्थ होतो.

कायद्याचा आधार पाहिला. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें माल वाहकाच्या हातीं दिला कीं तो प्रथमदर्शनीं ग्राहकास दिला असें समजतात. पण हें समाधान कागदावरचें. पैसाच परत गेल्यावर भांडावयाचें कोणाशीं? माल वाटेंतच गहाळ झाला तर काय, तेंहि पाहिलें. रस्त्यानें माल नेणाऱ्या वाहकांसाठीं २००७ चा कायदा व २०११ चे नियम आहेत. त्यांप्रमाणें अधिक किंमत आधीं जाहीर केलेली नसल्यास भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती. आम्हीं ६४० रुपये भाडें दिलें होतें. म्हणजे १,७०,००० च्या पैठण्यांचे हातीं येते ६,४००! शिवाय नोंदणीपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. विमानानें गेलेल्या मालाची भरपाई माँट्रियलच्या १९९९ च्या करारानुसार वजनावर मर्यादित असते. आणि पैठणीचें मोल तर तिच्या वजनांत नसतेंच.

या विचारांत असतां एके रात्रीं याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय काढला. राजा किंवा दैव यांच्यामुळें नव्हे, तर अन्य रीतीनें माल नष्ट झाल्यास वाहकानें तो भरून द्यावा, असें तेथें आहे. त्याहून मार्मिक गोष्ट ठेवींच्या प्रकरणांत सांपडली. आंत काय आहे हें न सांगतां, बंद करून दुसऱ्याच्या हातीं दिलेली वस्तु ती उपनिधि. आणि मिताक्षरेच्या विवेचनाप्रमाणें समक्ष मोजून दिलेली ती निक्षेप. आमचें खोकें उपनिधि म्हणून गेलें. तें निक्षेप म्हणून जावयास हवें होतें. गुदामवाल्याचें उत्तर स्मृतिकारांनीं जणू आधींच ऐकून ठेवलें होतें! आपल्या जुन्या पेढीवाल्यांसहि हें कळत होतें. त्यांची जोखमी हुंडी माल सुखरूप पोंचला तरच देय होई. वाटेंतली जोखीम कोणाची, हें माल निघण्यापूर्वींच ठरलेलें असे.

तेव्हां सूनबाईंनीं आतां नियम केले आहेत. नांवापुढें किंवा पत्त्यांत खोलीचा लांबलचक क्रमांक दिसला, तर तें गुदाम आहे काय याचा तपास करावयाचा. कार्डाचा पत्ता व मालाचा पत्ता निराळा असल्यास मोठ्या रकमेस कार्ड घ्यावयाचें नाहीं; रक्कम थेट बँकेच्या खात्यांत जमा झाल्यावरच माल हलवावयाचा. शक्यतों ग्राहकाच्या घरच्याच पत्त्यावर, किंमत जाहीर करून व विमा उतरवून पाठवावयाचें. गुदामांतच पाठवावें लागल्यास आपली जबाबदारी तेथें संपते, हें ग्राहकाकडून आधीं लिहून घ्यावयाचें. खोकें भरतांना पदर, काठ, वजन, मोहोर या सर्वांचें चलच्चित्र घ्यावयाचें. आणि ग्राहक फार घाई करूं लागला, तर आपण तितकेंच सावकाश व्हावयाचें.

परवां शारजाहून एका भगिनीचें पत्र आलें. पत्ता मुंबईच्या गुदामाचाच. सूनबाईंनीं नियम कळविले. बाईंनीं रागावण्याऐवजीं आपला घरचा पत्ता लिहिला, दुसऱ्याच दिवशीं बँकेंतून पैसे पाठविले, आणि “असेंच करीत जा” म्हणून वर कळविलें. त्या पत्रांत ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका होत्या. आम्हीं त्यांकडे बोट दाखविलें नाहीं.

पाटल्या अद्याप बँकेंतच आहेत. पेन्शनींतून दरमहा थोडें फेडीत आहों, चैत्रापर्यंत सुटाव्या. त्या हातांत घातल्याखेरीज हळदीकुंकवास जावयाचें नाहीं, असें आमच्या घरांतून कोणी म्हटलेलें नाहीं. पण आम्हींच मनाशीं तेवढी मुदत धरली आहे.