दहावा अडथळा

'अडथळ्यांची शर्यत' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शाळेच्या संमेलनातील ताडपत्रीखालून सरपटणारी आणि दोरीला टांगलेल्या बिस्किटांना तोंडाने झोंबणारी मुले उभी राहतात. आम्ही साताऱ्यास शिकत असता एक वर्ष जिल्ह्याच्या स्पर्धांत या शर्यतीत धावलो होतो, असे सांगताच येथील, म्हणजे दिल्लीतील, आमचे मराठी स्नेही गालांतल्या गालांत हसतात ते त्यामुळेच. पण आम्ही म्हणतो ती शर्यत निराळी. एकशे दहा मीटरांची सरळ वाट आणि तीवर दहा अडथळे. मोठ्यांच्या शर्यतीत प्रत्येक अडथळा साडेतीन फूट उंच. पहिला 13.72 मीटरांवर, पुढचे 9.14 मीटरांच्या अंतराने, आणि शेवटचा ओलांडल्यावर धावायला उरतात ते 14.02 मीटर. दोन अडथळ्यांमध्ये पावले तीन. चौथे पाऊल टाकावयास जागाच नसते.

या शर्यतीचा एक नियम आम्हांला तेव्हापासून फार आवडत आला आहे. अडथळा मुद्दाम ढकलला नसेल, तर तो पडला म्हणून पंच कुणाला बाद करीत नाहीत. दहाच्या दहा पाडीत गेलात तरी चालेल! शिक्षा करतो तो अडथळाच. त्याला गुडघा वा घोटा घासला की पावलांचा ताल जातो, आणि एके ठिकाणी गेलेला ताल पुढच्या ठिकाणी उघडा पडतो. आम्ही स्वतः सहाव्याशी अडखळलो आणि सातव्यावर पालथे झालो. आमची क्रीडाक्षेत्रातील कारकीर्द तेथेच संपली.

तरीही 27 ऑगस्ट 2004 च्या रात्री आम्ही घरातील दूरदर्शन-संचाचा आवाज पार बंद करून अथेन्स ऑलिंपिकची ही अंतिम शर्यत पाहावयास बसलो होतो. आत वडील झोपले होते. शर्यतीत चीनचा लिउ श्यांग होता आणि फ्रान्सचा लाद्जी दुकुरे होता. दुकुरे तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा. पॅरिसच्या दक्षिणेस ज्युव्हिसी येथे जन्मलेला. वडील मालीचे आणि आई सेनेगलची. उपांत्य फेरीत त्याने 13.06 सेकंदांचा नवा फ्रेंच उच्चांक केला होता. आमचे मन का कोण जाणे, त्याच्याकडेच ओढले होते.

लिउ श्यांग पहिल्यापासून पुढे होता. त्याने 12.91 सेकंदांत शर्यत जिंकून जागतिक उच्चांकाशी बरोबरी केली. दुकुरे दुसऱ्या क्रमांकावर होता. नऊ अडथळे मागे पडले होते. दहाव्याला त्याचा पाय लागला, देह वेडावाकडा झाला, आणि मागचे सहाही जण त्याच्या अंगावरून जावेत तसे निघून गेले. तो 13.76 सेकंदांत आठवा, म्हणजे शेवटचा आला. रौप्यपदक अमेरिकेच्या टेरेन्स ट्रॅमेलला 13.18 सेकंदांत मिळाले. हा आकडा पडद्यावर आला तेव्हा आम्ही मनाशी वजाबाकी केली आणि गप्प बसलो. दुकुरेने उपांत्य फेरीत केले होते तेवढेच पुन्हा केले असते, तरी रौप्य त्याचे होते. वडील पाणी प्यायला उठले, त्यांनी आमचा चेहरा पाहिला आणि विचारले, "कोण, आपला कुणी होता का?" आम्ही नाही म्हणालो.

पुढच्या वर्षीची हकीकत सुखाची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. जुलै 2005 मध्ये आँजे येथे दुकुरे 12.97 सेकंदांत धावला. ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत त्याने 13.07 सेकंदांत सुवर्णपदक घेतले. लिउ श्यांग 13.08 आणि ॲलन जॉन्सन 13.10. एका शतांश सेकंदाचा फरक! त्याच स्पर्धेत चौघांच्या शंभर मीटर रिलेत पहिला टप्पा दुकुरे धावला आणि फ्रान्सला तेथेही सुवर्ण मिळाले. त्याचे प्रशिक्षक रनो लाँगेव्र. अथेन्स आणि हेलसिंकी यांच्यामधल्या वर्षात हा माणूस त्या पोराशी काय बोलला असेल, याची आम्ही पुष्कळ कल्पना करून पाहिली आहे. दहावा अडथळा पहिल्याहून सूतभरही उंच नसतो, एवढे तरी तो म्हणालाच असेल.

त्यानंतरची वर्षे दुखापतींची. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दुकुरे 13.24 सेकंदांत चौथा आला. कांस्यपदक सहा शतांशांनी हुकले. 2009 मध्ये युरोपच्या आंतरगृह स्पर्धेत साठ मीटरांचे सुवर्ण पुन्हा एकदा मिळाले. 2014 मध्ये मोनाको येथे पास्काल मार्तिनो-लागार्द हा त्याचा देशबंधू 12.95 सेकंदांत धावला आणि आँजेचा उच्चांक मोडला. मग दुकुरे प्रशिक्षक झाला. फ्रान्सनेच 1976 साली माँट्रियलचा ऑलिंपिक विजेता गी द्रू यास पुढे क्रीडामंत्रिपदापर्यंत नेले होते. आम्ही सरकारी नोकर. मंत्रिपदाचा अनादर आम्हांस परवडणारा नाही. परंतु या दोघांपैकी कुणाविषयी अधिक विचार केला असे विचाराल, तर दुकुरेविषयी.

याचे कारण खाजगी आहे. आमच्या खात्यात बढतीसाठी एक परीक्षा असते, चार प्रश्नपत्रिकांची. आम्ही पदवीधर आहोत, टिपणी आणि मसुदा बरा लिहितो असा लौकिक आहे, आणि या परीक्षेस आम्ही तीनदा बसलो. तिसऱ्या वेळी पहिल्या तीन प्रश्नपत्रिकांत उत्तम गुण पडले. चौथीत, नियमांच्या प्रश्नपत्रिकेत, रजेच्या एका प्रश्नावर आम्ही फार वेळ अडकून पडलो, पुढचे प्रश्न घाईने उरकले आणि दोन गुणांनी राहिलो. दोष सर्वस्वी आमचाच होता. त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आमच्या कुटुंबाने काहीही विचारले नाही, नुसता चहा पुढे ठेवला.

पुढच्या वर्षी शेजारच्या टेबलावरचा एक बिहारी तरुण त्याच परीक्षेस बसणार होता. "सर, आप ही पढ़ा दीजिए," असे म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत आमच्या समोर खुर्ची ओढून बसू लागला. तेव्हा आम्हांला एक चमत्कारिक शोध लागला. पहिल्या तीन प्रश्नपत्रिकांविषयी, ज्यांत आम्ही उत्तम होतो, आम्हांला सांगता येण्यासारखे फारसे नव्हतेच. ते आम्हांला आपोआप येत होते. कसे येत होते ते ठाऊक नव्हते. चौथीविषयी मात्र आम्ही तासन्‌तास बोलू शकत होतो. कोणता प्रश्न मोहात पाडतो, घड्याळ कधी पाहावे, एक उत्तर बिघडले तर पुढच्याची सुरुवात कशी करावी, हे सारे आमच्या अंगावर वळासारखे उमटले होते. दुकुरे आपल्या मुलांना शिकवताना हेलसिंकीबद्दल बोलत असेल की अथेन्सबद्दल, असा प्रश्न त्या दिवसांत मनात येई. जिंकलेल्या शर्यतीतल्या पावलांची आठवण राहते का? आमचा अनुभव तर उलटा आहे: सहा-सात यांमधली आमची तीन पावले आजही मोजून दाखवता येतील, पहिल्या पाचांमधली नाहीत.

तो तरुण पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाला. निकालाचा कागद फलकावर लागला, तेव्हा आम्ही त्याच्या नावाआधी त्याचे चौथ्या प्रश्नपत्रिकेचे गुण पाहिले. ते आमच्याहून एकोणीस अधिक होते. त्या क्षणी आम्हांला आनंद झाला नाही, हे येथे लिहून टाकतो. दूरदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांपाशी खोटे कशास बोलावे? आम्ही कठड्याच्या अलीकडे उभे होतो आणि आम्हीच शिकवलेला पोरगा पलीकडे धावत होता. पोटात काहीतरी पिळवटले. घरी जाताना बसमध्ये आम्ही पुन्हा तीच वजाबाकी केली, जी अथेन्सच्या रात्री केली होती.

सांप्रत आमच्या फायली त्याच्याकडे जातात. तो आमच्या टिपणीत खाडाखोड करतो, बहुधा योग्यच करतो, आणि दालनात आम्ही शिरताच उठून उभा राहतो. ते उभे राहणे आम्हांला अजून सवयीचे झालेले नाही. बढतीच्या दिवशी तो पेढे घेऊन आमच्या क्वार्टरवर आला होता. आमच्या मुलीने त्याला विचारले, "अंकल, आप पापा के बॉस हैं?" तो लाजला आणि म्हणाला, "नहीं बेटा, पापा मेरे कोच हैं."

गेल्या सोमवारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा आमच्या टेबलापाशी कनिष्ठ लिपिकांतल्या दोन मुली वह्या घेऊन उभ्या होत्या. एक ओडिशाची, एक हरियाणाची. कुणी पाठवले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्यांनी पहिल्या प्रश्नपत्रिकेचे पुस्तक पुढे केले. आम्ही ते मिटून बाजूस ठेवले, डबा उघडला आणि चौथीपासून सुरुवात केली.