बुडीत खाते

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी दुकानात लावणारा वाणी आणि वाचणारे गिऱ्हाईक, दोघेही मनातल्या मनात हसत असतात. आमच्या खामगावासारख्या कापसाच्या मुलखात उधारीवाचून किराणा विकायचा म्हणजे नदीवाचून नाव हाकण्यासारखेच! जलंबहून रेल्वेचा फाटा १८७० साली इथे आला तो कापसासाठी. आणि आम्हा दुकानदारांची वसुलीही यायची ती कापसाच्याच पैशांतून. मृगात पेरणी, दिवाळीच्या आगेमागे वेचणी; मधले चार-पाच महिने कितीतरी घरांची चूल आमच्या खतावणीच्या भरवशावर पेटते.

उधारीच्या तीन जाती मी मानतो. पहिल्या जातीचे गिऱ्हाईक स्वतः समोर येऊन 'पुढच्या बाजारी देतो' म्हणते. ही चालती उधारी. दुसऱ्या जातीचे लहान मुलाला दुकानात पाठवते. ती संशयित. तिसरे गल्लीच बदलते. ती बुडीत.

गंमत अशी, की बुडीत रक्कम वर्षानुवर्षे 'येणे' म्हणून पुढे ओढण्यात आम्हाला मोठे समाधान वाटते. माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावला नाही, तर १९६३ चा मुदतीचा कायदा कोर्टाचे दार लावून घेतो. मुदतीच्या आत देणेकऱ्याने कबुली लिहून सही केली, तरच मुदत नव्याने मोजायची. पूर्वी रक्कम खरोखरच बुडाली हे आयकरवाल्यांना पटवून द्यावे लागे. १९८९ पासून ती वहीत बुडीत लिहिली की पुरे, असे झाले, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. पण कायद्याने सोपे केले, तरी हात सोपा होत नाही! आपलेच पैसे आपल्याच लेखणीने बुडवायचे!

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला, त्या वर्षीचे माझे एक गिऱ्हाईक असेच गल्ली बदलून गेले. चार हजार सातशे साठ रुपये. पुढे एका मार्चअखेरीस मी 'बुडीत खाते नावे, गिऱ्हाइकाचे खाते जमा' अशी नोंद केली. मनात हिशेब केला, तेव्हा ध्यानात आले, की रुपये एकदाच बुडाले होते. त्या घरचे तेल-मीठ मात्र दर महिन्याला दुसऱ्या दुकानातून येत होते. आणि एक ओळखीचा माणूस मला पाहून मान खाली घालत होता, तो तोटा तर कोणत्याच खात्यात बसत नव्हता.

वही कोरी केल्याचे त्याला सांगणे शक्य नव्हते. एकाला सांगावे, तर गावाला कळते, आणि चालती उधारीही बुडू लागते. बाजारात भेटला तेव्हा इतकेच म्हटले, "दादा, रोखीनं का होईना, येत जा दुकानात."

महिन्याभराने तो आला. साखर घेतली, रोख पैसे दिले आणि दोन नोटा वेगळ्या ठेवून म्हणाला, "भाऊ, हे दोनशे जमा करून घ्या. बाकीचं पाहू मंग."

बुडीत लिहिल्याने नोंद मिटते, ऋण मिटत नाही, हे तो माझ्याहून चांगले जाणत होता. ते दोनशे मी त्या वर्षीच्या उत्पन्नात 'बुडीत वसुली' म्हणून लिहिले. बाकीचे येतील, न येतील. लक्ष्मीपूजनाला वहीवर 'शुभ लाभ' लिहिताना आतले आकडे खरे असावेत, एवढाच माझा आग्रह. आणि दुकानाकडे येणारी वाट कुणालाही चुकवावी लागू नये.