अंगठा

दादा गेल्यापासून वहिनींच्या फराळाच्या मागण्यांवर धाकटीचे कॉलेज चालले आहे. तो धंदा चार घरांपलीकडे जावा म्हणून पन्नाशीनंतर मी समाजमाध्यमांवरील जाहिरातीचे शास्त्र शिकायला बसलो.

आमच्या लहानपणी कोणी अंगठा दाखवला की काम फिसकटले असे समजत. फेसबुकने २००९ साली त्याच अंगठ्याला पसंतीची खूण केले! वहिनींच्या चकलीच्या फोटोला ३०० अंगठे मिळाले. मागण्या आल्या ११, त्यांतल्या ९ जुन्याच गिऱ्हाइकांच्या. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले होते, की धंदेवाल्यांच्या मजकुरापेक्षा आप्तेष्टांचा मजकूर आधी दाखवू. म्हणजे दुकान आपले, पण ओसरी दुसऱ्याची. पाटी पुष्कळांना दिसायला हवी तर भाडे मोजा.

हे ऐकून वहिनींनी फडताळातून एक वही काढली. नावे, फोन नंबर, शेजारी बारीक अक्षरांत ‘तिखट कमी’, ‘मुलगी बाळंतीण, डिंकाचे लाडू’.

“भाऊजी, आधी ह्यांना कळवा.”

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप यादीतल्या सर्वांना धाडता येतो. पण पोचतो तो ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच. वहीत नावे १०२ होती. निरोप ८४ जणांना पोचला. भाजणी दोनदा दळून आणावी लागली.