पोटात गोळा येतो तेव्हा



२०२१ मध्ये अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, एमबीबीएसच्या १०० जागांचं. तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरांत 'नीट'ची चर्चा वाढली. आनंदच आहे. पण प्रवेशानंतरच्या एका त्रासाबद्दल आपण फारसं बोलत नाही.

माझी एक माजी विद्यार्थिनी दुसऱ्या शहरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत भेटायला आली. म्हणाली, "बाई, तोंडी परीक्षा आली की पोटात मुरडा येतो. चार-चार वेळा धावावं लागतं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत!"

डॉक्टरांनी निदान केलं आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतड्याला जखम दिसत नाही, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडते. पोट वारंवार दुखतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. आतड्यात मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. त्यामुळे मनावरचा ताण पोटाला कळतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये हा त्रास जास्त असल्याचं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. सततच्या परीक्षा, जागरणं, वेळी-अवेळी जेवण, वर चहा!

आपल्या भाषेला हे कधीचंच ठाऊक आहे. भीतीने आपल्या 'पोटात गोळा' येतो, डोक्यात नाही. मग तपासणीत काही सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं कसं ठरेल?

याची सुरुवात आपल्याच वर्गात होते बरं का. चाचणीच्या दिवशी तिसरीतला एखादा पोट धरून बसतो आणि आपण म्हणतो, "नाटकं नकोत." मूल मग दुखणं लपवायला शिकतं. त्याऐवजी विचारूया: कधीपासून दुखतंय? कशाची भीती वाटतेय? पाणी देऊया, थोडं थांबूया. तोंडी प्रश्न फळ्यासमोर उभं न करता जागेवरच विचारूया.

मोठ्या मुलांना वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि मोकळं बोलणं यांचा उपयोग होतो; औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल तर 'ताण असेल' म्हणून थांबू नका, लगेच दाखवा. मन फारच जड झालं तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे. मुलांच्या वहीत लिहून ठेवा.

आणि फोनवर "अभ्यास झाला का?" विचारण्याआधी एकदा विचारा, "जेवलास का? पोट बरं आहे ना?"