फोर्क, सॅग आणि करंगळी

नागापूर म्हटलं की नगरबाहेरच्या माणसाला काहीच आठवत नाही, आणि नगरच्या माणसाला एमआयडीसी आठवते. (शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) सायकलवाल्याला मात्र नागापूर म्हणजे सोय. ट्रक, ट्रेलर आणि शिफ्टच्या बसेस मागे टाकल्या की पिंपळगाव माळवीच्या तलावाकडून डोंगरगण, मांजरसुंबा, गोरक्षनाथ गड असा मुरमाचा, खडीचा आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा मुलूख सुरू होतो. डांबर सोडायची हौस असेल तर माउंटन बाइकला याहून चांगली जागा शोधायला लागत नाही.

तर मंडळी, आजचा विषय आहे फोर्क. म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा, ज्यात सस्पेन्शन असतं किंवा असल्याचा दावा असतो.

एरवी मी या भानगडीत पडलो नसतो. पण गेल्या उन्हाळ्यात डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट राइडनंतर बधिर राहू लागलं. आधी तासभर, मग रविवार संध्याकाळपर्यंत, मग एकदा चक्क सोमवारच्या स्टँडअप कॉलपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलं की तळहाताच्या कडेने एक नस जाते, अल्नर नर्व्ह. हँडलवर सतत दाब आणि दणके बसले की ती चिडते, आणि दुर्लक्ष केलं तर हाताची ताकदही कमी होऊ शकते. "राइड कमी करा, नाहीतर दणके कमी करा," इति डॉक्टर.

आता बघा, कीबोर्डवर शिफ्ट, कंट्रोल, टॅब हे सगळं डाव्या करंगळीचं खातं. माझं पोट या दहा बोटांवर चालतं आणि त्यातल्या दोघांनी राजीनामा द्यायची तयारी केलेली. राइड सोडणं हा पर्याय मी विचारात घेतला. साधारण चार मिनिटं.

फुकटचे उपाय आधी केले. टायरची हवा ४५ पीएसआयवरून ३० वर आणली, ग्रिप रुंद घेतले, सीट थोडी मागे सरकवली. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग फोर्कच्या नळीवर एक सैलसर झिपटाय बांधून डोंगरगणला जाऊन आलो. झिपटाय किती वर सरकतो त्यावरून फोर्क किती दबला ते कळतं. कागदावर ट्रॅव्हल १०० मिमी. प्रत्यक्षात सगळ्यात मोठ्या दणक्याला वापरलं गेलं ३५ मिमी. उरलेलं ६५ मिमीचं काम माझी मनगटं करत होती!

याचं कारण सरळ आहे. स्वस्त फोर्कमध्ये पोलादी कॉइल स्प्रिंग असते आणि ती कारखान्यात एका सरासरी वजनाच्या माणसासाठी बसवलेली असते. तुम्ही त्याहून हलके असाल तर ती दबत नाही, जड असाल तर तळाला आपटते. वरचा प्रीलोडचा नॉब फिरवून स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त सुरुवातीचा ताण बदलतो. शिवाय तिथे डॅम्पर जेमतेमच असतो. स्प्रिंग ऊर्जा साठवते, डॅम्पर ती तेलातून फिरवून उष्णतेत घालवतो. इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टिम्समध्ये अंडरडॅम्प्ड आणि ओव्हरडॅम्प्डचे आलेख काढले होते ना, तेच हे.

नगरकरांना खरं तर हे शिकवायला नको. आपल्याकडे १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे सेंच्युरियनची चाकं जोडीजोडीने कॉइल स्प्रिंगवर लटकवलेली, तर १९६५ च्या युद्धातल्या पॅटनला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. पन्नास टनांच्या आसपासच्या धुडालाही हाच प्रश्न होता: आतल्या माणसाची हाडं शाबूत कशी ठेवायची? सायकलवाले जरा उशिरा जागे झाले. पॉल टर्नरने १९८९ मध्ये रॉकशॉक्स सुरू केली, आणि १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला ग्रेग हर्बोल्डने त्याच फोर्कवर डाउनहिलची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. नंतर कोणी फारसं हसलं नाही.

मी ठरवलं, एअर फोर्क घ्यायचा. त्यात स्प्रिंगच्या जागी हवा असते, म्हणून पंपाने आपल्या वजनाप्रमाणे सेट करता येतो. पण फोर्क म्हणजे यूएसबी नाही, की कुठलाही कुठेही बसला. पाच गोष्टी जुळायला लागतात. एक, चाकाचा आकार (माझं २९ इंची). दोन, स्टीअरर, म्हणजे वरची दांडी: सरळ सव्वा इंची (बरोबर सांगायचं तर एक पूर्णांक एक अष्टमांश) की खाली दीड इंच होणारी टेपर्ड. तीन, एक्सल: ९ मिमी क्विक रिलीज की १५ मिमी थ्रू एक्सल. चार, डिस्क ब्रेकचं माउंट. पाच, ट्रॅव्हल. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोहाचा. "१२० मिळतोय तर १०० कशाला?" असं वाटतं. पण २० मिमी जास्त म्हणजे सायकलचं नाक वर जातं आणि हेड अँगल साधारण एक अंशाने पडतो. चढावर पुढचं चाक भरकटतं, आणि फ्रेमही त्या ताणासाठी बनवलेली नसते. १०० तर १००. सरळ स्टीअरर आणि ९ मिमी एक्सलमध्ये रॉकशॉक्सचा जुडी सिल्व्हर मिळाला. किंमत सायकलच्या निम्म्याहून जास्त.

पप्पा एमआयडीसीतल्या एका टूलरूममधून रिटायर झालेले. त्यांनी फोर्क हातात घेऊन दोनदा दाबला.

"केवढ्याला रे?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात लूना यायची."

"पप्पा, ते कधी!"

"यायची एकेकाळी. आपल्या नगरातच बनायची."

पण स्टीअरर कापायची वेळ आली तेव्हा मला हात लावू दिला नाही. व्हर्नियर काढून जुनी दांडी मोजली, नवीवर खूण केली, परत मोजली. "कापलेलं परत चिकटत नाही लेका." वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा दांडी तीनेक मिमी खाली राहायला हवी, तरच टॉप कॅप बेअरिंगला नीट दाबते. त्यांनी बरोबर तीन ठेवली. हॅकसॉने!

आता ट्यूनिंग. नियम तोच जो आपण परफॉर्मन्स ट्यूनिंगला वापरतो: एका वेळी एकच गोष्ट बदला, आकडा लिहून ठेवा.

पहिला सॅग. पाठीवर बॅग, पाण्याच्या बाटल्या, सगळं घेऊन सायकलवर पेडलवर उभं राहायचं, दुसऱ्याने सायकल धरायची आणि झिपटाय बघायचा. क्रॉस कंट्रीला १५ ते २० टक्के, ट्रेलला २० ते २५. मी २० टक्के धरले, म्हणजे २० मिमी. माझ्या ७२ किलोला ते ८० पीएसआयला जमलं. हवा भरताना मध्ये मध्ये फोर्क दाबायचा, म्हणजे आतले दोन्ही कप्पे समान होतात. आकडा थोडा उतरतो, पुन्हा भरायचा. पंप काढताना फुस्स होतं ते पंपाच्या नळीतल्या हवेचं, घाबरू नका.

दुसरा रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत येतो ते. खालच्या नॉबवर ससा आणि कासव असतात. हँडल जोरात दाबून सोडलं आणि चाक जमिनीवरून उडालं, तर कासवाकडे एक क्लिक. फार कासव झालं तर खडीवर एकामागून एक दणके बसताना फोर्क परत यायच्या आतच दुसरा दणका येतो आणि तो दबलेलाच राहतो. पत्र्यासारख्या लाटा आलेला कच्चा रस्ता याच्या परीक्षेला उत्तम, आणि असे रस्ते आपल्याला ग्रामपंचायतींच्या कृपेने भरपूर.

तिसरी गोष्ट आपल्या हवामानाची. डिसेंबरात पहाटे १२ अंश, मे महिन्यात ४०. बंद कप्प्यातली हवा तापली की दाब वाढतो. गणित केलं तर हिवाळ्यातले ८० पीएसआय मेमध्ये ८९ च्या आसपास जातात. तेव्हा दर ऋतूला पंप लावा.

परिणाम? त्याच डोंगरगणच्या वाटेवर झिपटाय आता ८५ मिमीपर्यंत जातो. करंगळी पहिले दोन आठवडे रुसलेलीच होती. पाचव्या आठवड्यात राइड संपवून घरी आलो, आंघोळ केली, लॅपटॉप उघडला आणि अर्धा तास टाइप केल्यावर लक्षात आलं की आज बोटांकडे लक्षच गेलं नाही. डॉक्टरांनीही हात दाबून बघितला, "चालू द्या" म्हणाले, पण सलग तीन तासांवर राइड नको, आणि अर्ध्या तासाने हात झटकायचे. ते पाळतोय.

एक शेवटचं. रॉकशॉक्सच्या हिशेबाने दर ५० तासांनी खालचे पाय उघडून तेल आणि सील साफ करायचे असतात. आपल्या धुळीत आणि काळ्या मातीत ते टाळू नका. माझे ४३ तास झालेत. पप्पांनी विचारलंय, आत तेल कुठल्या ग्रेडचं लागतं म्हणून.